ऑपॉसमच्या रक्तातील जंतू आणि कुडाची भिंत

पिलांना पोटाच्या पिशवीत वाढविणारे प्राणी फक्त ऑस्ट्रेलियातच असतात, असा पुष्कळ विद्यार्थ्यांचा समज असतो. आमचाही होता. परंतु दक्षिण अमेरिकेतील ऑपॉसम हा मांजराएवढा निशाचर प्राणीही त्याच वर्गातला आहे. त्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा क्रुझी नावाचा एकपेशीय परजीवी जंतू पुष्कळदा आढळतो.

रक्त पिणारा एक मोठा ढेकूण ऑपॉसमला चावला की जंतू ढेकणाच्या आतड्यात शिरून वाढतो व विष्ठेतून बाहेर पडतो. असे ढेकूण खाल्ल्यानेही ऑपॉसमला लागण होते. नवल असे की, ऑपॉसमच्या शेपटीखालील गंधग्रंथीतही हा जंतू ढेकणाच्या आतड्यातल्यासारखाच वाढू शकतो. इतके होऊनही तो प्राणी बहुधा धडधाकट हिंडतो.

माणसाचे तसे नाही. १९०९ साली ब्राझीलमधील लासान्स येथे रेल्वेमजुरांच्या हिवतापावर काम करताना डॉ. कार्लोस शागास यांना हा जंतू आधी ढेकणात, मग एका घरातील मांजरात आणि नंतर दोन वर्षांच्या मुलीच्या रक्तात सापडला. ढेकूण दिवसा कुडाच्या भिंतींच्या भेगांत दडतो आणि रात्री झोपलेल्यांच्या तोंडाला चावतो. तेथेच विष्ठा टाकतो. माणूस खाजवतो आणि जंतू आत जातो. पुढे वर्षानुवर्षे काहीच जाणवत नाही. मात्र शंभरातील सुमारे तीस जणांचे हृदय कालांतराने दुबळे होते. गिलावा केलेल्या भिंतीत ढेकणाला थारा नसतो. म्हणूनच हा रोग पिढ्यान्‌पिढ्या खेड्यांतील गरिबांच्या वाट्याला आला, हे आम्हांस विशेष नोंदवावेसे वाटते.

फवारणी आणि घरसुधारणा यांचा उपयोग झाला. घरात राहणाऱ्या मुख्य जातीच्या ढेकणाकडून होणारा प्रसार १९९७ साली उरुग्वेत व २००६ साली ब्राझीलमध्ये थांबल्याचे जाहीर झाले. हे काम ऑपॉसम मारून झालेले नाही. रानातले चक्र अजून चालूच आहे. २००५ साली ब्राझीलच्या सांता कातारिना राज्यात रस्त्याकडेचा दूषित उसाचा रस प्यालेल्यांना लागण झाली होती.

हा रोग आपल्याकडचा नव्हे. तथापि याच कुळातील, गुरांना व घोड्यांना सर्रा रोग करणारा जंतू २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात आढळला. औषधोपचाराने ते बरे झाले. लासान्सची ती मुलगीही सत्तरी ओलांडेपर्यंत जगली, जंतू अंगात बाळगूनच.