मटणाच्या नळीत काय दिसतं?

रविवारी घरात मटण आलं की नळीवरून मुलांची भांडणं होतात. नळी फोडून चोखण्याआधी एकदा नीट बघा. बाहेरून दगडासारखी टणक भिंत. टोकाकडे पावासारखी जाळी. मधल्या पोकळीत मऊ मगज. आपल्या मांडीचं हाडही असंच आहे. फरक एवढाच की ते जिवंत आहे. त्यात रक्तवाहिन्या आहेत, पेशी आहेत, आणि रोज काम चालू आहे.

हाड कशाचं बनतं? बांधकामावर जाणाऱ्या आपल्या बांधवांना हे चटकन कळेल. सळई आणि काँक्रीट! सळई म्हणजे कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे, काँक्रीट म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फरसचा क्षार. कोंबडीच्या पायाचं साफ केलेलं हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. क्षार विरघळतो आणि हाड रबरासारखं वाकतं. तेच हाड चुलीत जाळलं तर धागे जळतात आणि उरलेलं हाड बोटाने चुरतं. म्हणून नुसत्या कॅल्शियमच्या गोळीने हाड बनत नाही. डाळ, अंडी, मासे यांतलं प्रथिनही लागतं.

आता कामगार. ऑस्टिओक्लास्ट या पेशी जुनं हाड खरवडून काढतात. ऑस्टिओब्लास्ट या पेशी म्हणजे गवंडी. त्या खड्डा नव्या हाडाने भरतात. त्यातले काही गवंडी आपणच बांधलेल्या भिंतीत अडकून राहतात, त्यांना ऑस्टिओसाइट म्हणतात. पण ते रिकामे बसत नाहीत. कुठे भार पडतो, कुठे सूक्ष्म तडा गेला, हे ओळखून ते बाकीच्यांना इशारा देतात, मुकादमासारखे. चालणाऱ्या, ओझं उचलणाऱ्या माणसाचं हाड बळकट राहतं आणि महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेल्याचं झिजतं, ते यामुळेच.

एक खड्डा खणायला काही आठवडे पुरतात, भरायला काही महिने लागतात. तरुणपणी हिशेब जुळतो. बाईची पाळी कायमची गेली की इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं, खणणारे मोकाट सुटतात आणि गवंडी मागे पडतात. आपल्या आया-बहिणींची हाडं पन्नाशीनंतर पोकळ होतात, त्यामागे मोठं कारण हे आहे.

मुलांची उंची मात्र वेगळ्या जागी वाढते. लांब हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची पातळ चकती असते. तिच्यातल्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक वाढतात, फुगतात, मरतात आणि त्यांच्या जागी हाड येतं. मुलींची ही चकती साधारण 14 ते 16 व्या वर्षी, मुलांची 16 ते 18 व्या वर्षी किंवा थोडी उशिरा बंद होते. त्यानंतर उंची वाढवण्याची पावडर विकणारा तुमचे पैसेच घेतो, दुसरं काही नाही.

म्हणूनच आमची कळकळीची विनंती आहे. मूल पडलं आणि मनगट, कोपर किंवा घोटा सुजला, तर चोळू नका, ओढून बसवूही नका. ही चकती दुखावली तर तो हात आखूड किंवा वाकडा राहू शकतो. फळीचा किंवा पुठ्ठ्याचा आधार बांधून सरकारी दवाखान्यात न्या, एक्स-रे काढा.

कॅल्शियमसाठी दूधच हवं असं नाही. 100 ग्रॅम नाचणीत 300 मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या दुपटीहून अधिक. तीळ, शेवग्याचा पाला, काट्यासकट खाल्लेली बारीक सुकी मासळी हीही चांगली. पण आतड्यातून ते कॅल्शियम नीट शोषायला ड जीवनसत्त्व लागतं आणि ते उन्हात कातडीत तयार होतं. आपल्या चिंचोळ्या गल्ल्यांत ऊन जमिनीपर्यंत पोचतच नाही, हा आपल्या मुलांचा दोष नव्हे. कोवळं ऊन सुखद असलं तरी या कामाला 11 ते 3 मधलं ऊन जास्त उपयोगी, तेही अंगावर थेट. काचेआडून उपयोग नाही. लहान बाळाचे पाय धनुष्यासारखे वाकू लागले तर मुडदूस असू शकतो, वेळेत उपचार केले तर बहुतेकदा सुधारतो.

आणि घरातल्या आजीची साडी हल्ली जमिनीवर लोळू लागली असेल, पाठीला बाक आला असेल, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. मणके दबून उंची घटलेली असू शकते. तिला डॉक्टरांना दाखवा.