पुढच्या रविवारी येतो, आजी



नाताळच्या सुमारास, स्वातंत्र्यदिनाच्या आगेमागे किंवा एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थाच्या वाढदिवशी आपल्या शहरांतील वृद्धाश्रमांत पाहुण्यांची एकच गर्दी उसळते. शाळेची मुले गाणी म्हणतात, केळी व बिस्किटे वाटतात, छायाचित्रे काढतात, आणि तासाभराने त्यांची बस निघून जाते. यात काही गैर आहे असे मला म्हणावयाचे नाही. मीही माझ्या वर्गाला एकदा अशीच घेऊन गेले होते.

त्या दिवशी निघताना माझ्या एका विद्यार्थ्याने एका वृद्धेचा हात हाती घेऊन, "पुढच्या रविवारी येतो हं, आजी," असे सांगितले. त्याच्या मनात कपट नव्हते. पुढच्या रविवारी त्याचा क्रिकेटचा सामना होता, एवढेच. महिन्याने काही कामानिमित्त मी तेथे गेले, तेव्हा व्यवस्थापिका बाईंनी मला बाजूला घेतले. त्या आजी चारही रविवारी दुपारची झोप मोडून, धुतलेले लुगडे नेसून, फाटकाजवळच्या बाकावर बसून राहिल्या होत्या. चौथ्या रविवारी त्यांनी रात्रीचे ताट तसेच परत पाठविले. बाईंना काय उत्तर द्यावे ते मला सुचेना. आजच्या भाषणाचा विषय मला त्या बाकानेच दिला आहे.

वृद्धसेवेत तरुणांचा हात हा काही नवा प्रकार नव्हे. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात सें-सर्व्हां नावाचे बंदराचे गाव आहे. तेथे १८३९ च्या हिवाळ्यात जान जुगां या मोलमजुरी करणाऱ्या प्रौढ स्त्रीने एका अंध व अर्धांगाने जखडलेल्या म्हातारीला घरी आणून आपला बिछाना तिला दिला. पुढे म्हाताऱ्या वाढल्या, तशी जान हाती टोपली घेऊन त्यांच्यासाठी दारोदार मागू लागली. तिला हातभार लावणाऱ्या दोन मुली विशीच्या आतबाहेरच्या होत्या. या लहानशा बिऱ्हाडातून 'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर' हा धर्मभगिनींचा संघ उभा राहिला. १८८२ साली तो कलकत्त्यास आला, आणि सिकंदराबादेतही त्याचे वृद्धाश्रम आहे. या घरांत येणाऱ्याचा धर्म पाहिला जात नाही. जान जुगांला २००९ साली संतपद मिळाले. मला मात्र त्या कथेत त्या दोन मुली अधिक मोलाच्या वाटतात. त्या आज आल्या आणि उद्या गेल्या असे नव्हते; सकाळी डोळे उघडले की त्याच आवाजांनी म्हातारीला हाक मारली जाई.

आपल्याकडील महाविद्यालयांत १९६९ पासून राष्ट्रीय सेवा योजना आहे. तीत विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास सेवा करावयाची असते. आठवड्यास दोन तास धरले, तर ही दोन वर्षे पुरी भरून काही तास वर उरतात. तेच तास एकाच घरात, एकाच वारी, शक्य तर एकाच माणसाजवळ घालविले, तर किती फरक पडेल! परंतु बहुधा ते झाडलोट, फेऱ्या आणि समारंभ यांत विखुरले जातात.

आता, जाऊन करावयाचे काय? येथे नुसती कळकळ पुरत नाही. थोडे शिक्षणही लागते. उतारवयात कान मंद होतात, ते बहुधा उंच पट्टीच्या आवाजांना आधी. म्हणून ओरडून बोलण्यात अर्थ नसतो. समोर, उजेडात, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसून सावकाश आणि जरा खालच्या स्वरात बोलावे. अंध व्यक्तीला मागून ढकलू नये. आपले कोपर तिच्या हाती देऊन अर्धे पाऊल पुढे चालावे. चाकाच्या खुर्चीतून कोणास उठविण्यापूर्वी चाकांचे ब्रेक लावले आहेत की नाहीत हे पाहावे. भरविताना वृद्धास ताठ बसवावे, घास लहान घ्यावा, आणि पहिला गिळला गेल्याखेरीज दुसरा पुढे करू नये. घाई झाली की घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसास हलविणे व औषध देणे ही कामे तर सरावलेल्या सेविकांवरच सोपवावीत.

तरुणांना सहज साधेल असे एक नवे काम आहे. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो 'जीवन प्रमाण' या योजनेमार्फत घरबसल्या देता येतो, आणि आता मोबाईलपुढे चेहरा धरूनही चालते. एरवी बँकेच्या पायऱ्या चढणाऱ्या म्हाताऱ्याचा केवढा त्रास वाचतो! मात्र हे काम व्यवस्थापकांच्या समक्ष करावे, आणि पैशाच्या व्यवहाराला किंवा बँकेकडून आलेल्या गुप्त आकड्यांना हात लावू नये. मुलांवर विश्वास नाही म्हणून हे सांगत नाही. त्यांच्यावर आळ येऊ नये म्हणून सांगते.

बाकी बहुतेक वेळ केवळ बसणेच असते. वर्तमानपत्र वाचून दाखवावे. निधनवार्तांचे पानही वगळू नये, कारण पुष्कळांना तेच आधी हवे असते. एकच गोष्ट पाचव्यांदा ऐकावी लागते. माझी एक विद्यार्थिनी कंटाळून म्हणाली, "बाई, काल सांगितलेलेच आज सांगतात." मी तिला म्हटले, "मग उद्या जाशील तेव्हा पुढचे वाक्य तूच सांग." तिने तसे केले. त्या आजोबांना इतका आनंद झाला की, त्यांनी त्या गोष्टीतले कधी न सांगितलेले एक पात्र त्या दिवशी बाहेर काढले.

आमच्या वर्गाने आता एक वही केली आहे. जो जाईल त्याने आपला वार तीत लिहावयाचा, आणि जमणार नसेल तर आधी कळवावयाचे. तो क्रिकेटवाला मुलगाही जातो. त्या आजी पहिल्या दिवशी त्याच्याशी बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या रविवारी त्यांनी त्याला चष्म्याची काच पुसावयास दिली. परीक्षेच्या महिन्यात त्याला जाता येणार नव्हते. त्याने ते दोन आठवडे आधी सांगितले, आणि भिंतीवरील दिनदर्शिकेत परतण्याच्या रविवारभोवती त्यांच्याच हाताने तांबड्या पेन्सिलीचे वर्तुळ काढवून घेतले.