टेबल उलटं करून बघा

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी आम्ही जेवणाचं टेबल घेतलं. पाच फूट लांब, तीन फूट रुंद, वर चकचकीत गडद पॉलिश. दुकानदार म्हणाला, "शंभर टक्के सागवान, सॉलिड वुड, बिनधास्त न्या." आम्ही टेबलावरून हात फिरवला, बोटांनी टकटक केलं, एका बाजूने उचलून "चांगलं जड आहे" असं एकमेकांना सांगितलं आणि पैसे मोजले. चैत्र सरता सरता एका दुपारी काडकन आवाज आला. पाहतो तर वरच्या फळीला हातभर लांब भेग.

दुरुस्तीला आलेले सुतारकाका भेगेकडे फार वेळ बघत बसले नाहीत. "ताई, वरून सगळीच टेबलं चांगली दिसतात. जरा हात लावा, उलटं करू." जमिनीवर चादर अंथरून टेबल पालथं घातलं. पुढच्या अर्ध्या तासात जे समजलं, ते खरेदीच्या दिवशी पाच मिनिटांत समजू शकलं असतं. पॉलिशवाल्याचा हात जिथे पोचलेला नसतो, लाकडी सामानाची पारख तिथेच होते.

खालच्या चौकटीतून वरच्या फळीत वीत-वीत अंतरावर स्क्रू पिळले होते. फळीला तसूभर हलायला जागा नव्हती. झाड तोडलं, चिरलं, रंधलं, तरी लाकूड हवेतला ओलावा घेणं आणि सोडणं थांबवत नाही. पावसाळ्यात ते फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. लांबीत हा फरक जवळजवळ नसतोच, सगळी हालचाल रुंदीत होते. सागाचं ओलं लाकूड पूर्ण वाळेपर्यंत वर्तुळांच्या दिशेने साडेपाच टक्क्यांच्या आसपास आकसतं, आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने त्याच्या निम्मं. इतर पुष्कळ झाडांच्या मानाने हे कमी आहे. सागाची दारं-खिडक्या पिढ्यानपिढ्या बसवल्या गेल्या त्याचं हे एक मोठं कारण. तरीही तीन फूट रुंदीची फळी, नीट वाळवलेली असली तरी, पावसाळा ते उन्हाळा पाव इंचापर्यंत कमी-जास्त होऊ शकते.

जाणता सुतार हे धरूनच चालतो. तो वरची फळी चौकटीला लाकडी ठोकळ्यांनी धरतो, किंवा स्क्रूसाठी लांबट भोक पाडतो, म्हणजे फळी सरकली तरी स्क्रू तिच्याबरोबर सरकतो. जुन्या वाड्यांच्या दारांत दिले, म्हणजे मधल्या फळ्या, चौकटीच्या खाचेत न चिकटवता, सैल बसवलेले असतात, तेही याचसाठी. आमचं टेबल भर पावसाळ्यात, ओलसर लाकडाचं बनलेलं. उन्हं तापल्यावर ते आकसायला लागलं, स्क्रूंनी सोडलं नाही आणि शेवटी फळी फाटली. काकांनी सगळे स्क्रू काढले, पटाशीने भोकं आडवी लांबट केली, भेगेत सागाची पातळ पट्टी बसवली. आता टेबल ठीक आहे, पण भेगेची रेघ दिसते ती दिसतेच.

लाकूड वाळलेलं आहे का, हे डोळ्यांनी सांगणं अवघड. त्यासाठी ओलावा मोजायचं लहानसं यंत्र मिळतं, दोन टोकदार पिना असलेलं. महागडं सामान घ्यायचं असेल तर ते स्वतः विकत घेण्याइतकं स्वस्त आहे. पायाच्या आतल्या बाजूला किंवा फळीच्या खाली, पॉलिश नसलेल्या जागी टेकवायचं. कुठल्या हवेत किती ओलाव्याचं लाकूड वापरावं यासाठी आपल्याकडे आयएस २८७ हे मानक आहे, आणि त्यात हवामानानुसार देशाचे चार विभाग केले आहेत. फर्निचरसाठी आकडा साधारण ८ ते १४ टक्क्यांत हवा. कोकणपट्टीत वरच्या टोकाकडे, विदर्भ-मराठवाड्यात खालच्या टोकाकडे. १८-२० दिसला तर ते सामान घरी आणू नका. यंत्र नसेल तर निदान ऋतूचा विचार करा. एप्रिलमध्ये काडीचीही फट न ठेवता बसणारा अस्सल लाकडाचा ड्रॉवर जुलैत अडकणार. पावसाळ्यात थोडा घट्ट चालणारा ड्रॉवर हा दोष नाही.

आता ड्रॉवरबद्दलच. दुकानात मला एकच गोष्ट तपासायची मुभा मिळाली, तर मी ड्रॉवर बाहेर काढून बघेन. सगळ्या सामानात तो रोज ओढला-ढकलला जातो, आणि करणाऱ्याने कुठे हात आखडता घेतला ते तिथे लपत नाही. पूर्ण बाहेर काढा, बिचकू नका. पुढची फळी आणि बाजूच्या फळ्या कशा जोडल्या आहेत? कबुतराच्या शेपटीसारखे दात एकमेकांत अडकवलेले, म्हणजे डव्हटेल, असेल तर ओढण्याचा ताण तो सांधा स्वतः पेलतो. नुसते खिळे किंवा स्टेपलच्या पिना असतील, तर दोन-तीन वर्षांत पुढची फळी हातात येते. मग तळ बघा. तो चारही बाजूंच्या खाचेत सरकवलेला हवा, खालून पिना मारून चिकटवलेला नको. मधोमध अंगठ्याने दाबा. कागदासारखा लवला तर कपड्यांच्या वजनाने त्याला पोट येणार. शेवटी ड्रॉवर परत बसवून एका कोपऱ्याला धरून ढकला. तिरका होऊन अडकला नाही, तर मापात केलेला आहे.

खुर्चीचं मर्म मागच्या पायात. माणूस मागे रेलला की सगळा भार मागचा पाय आणि बैठकीची पट्टी यांच्या सांध्यावर येतो. तिथे कुसू असलं पाहिजे, म्हणजे पट्टीचं टोक कोरून पायातल्या भोकात घट्ट बसवलेलं. खुर्चीवर बसून थोडं डावी-उजवीकडे झुला. कुरकुर ऐकू आली तर ती पुढे वाढतच जाते. पायांच्या आत कोपऱ्यात तिरके लाकडी ठोकळे लावलेले दिसले तर समजा, करणाऱ्याने मनापासून केलं आहे.

'सॉलिड वुड' हे शब्द मात्र फार फसवे. त्यांचा अर्थ एवढाच की हा भुशाचा किंवा थरांचा बोर्ड नाही. लाकूड कुठलं, ते त्यातून कळत नाही. चीक काढून थकलेली रबराची झाडं तोडून केलेलं फिकट लाकूडही सॉलिड वुड, आंबाही सॉलिड वुड, बाभूळही. यातलं कुठलंच वाईट नाही. रबराचं लाकूड नीट प्रक्रिया केलेलं असेल तर घरात उत्तम टिकतं. फक्त त्याचे पैसे सागाचे नकोत. शिसवाच्या बाबतीत हा गोंधळ जास्त होतो. आपल्या आजोळच्या काळपट-जांभळट शिसवी पेट्यांचं झाड वेगळं आणि उत्तरेकडून येणारं तपकिरी 'शीशम' वेगळं. दोघं एकाच कुळातली, पण भाव सारखा नाही. आणि सागाचं म्हणाल तर 'सीपी टीक' हे नाव प्रत्येक दुकानात ऐकू येतं. सीपी म्हणजे जुना मध्य प्रांत, आपलं चंद्रपूर-गडचिरोली त्यातलंच. बल्लारपूर आणि आलापल्लीच्या सागाचा लौकिक खराच आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये तिथूनच लाकूड गेलं. पण बाजारात घाना, नायजेरियापासून दक्षिण अमेरिकेपर्यंतच्या लागवडीचा सागही भरपूर येतो. कोवळ्या झाडाचा साग असला, की त्यात सालीलगतचा पांढरट भाग जास्त निघतो.

हा पांढरा भाग ओळखायला शिकाच. किडीला हवा असलेला पिष्टमय अंश त्यात असतो, त्यामुळे भुंगेरा तिथेच लागतो. गडद पॉलिशमागे तो बेमालूम लपतो, म्हणून पुन्हा खालून बघायचं. आमच्या टेबलाच्या दोन पायांच्या आतल्या कडेला बोटभर रुंद पांढरा पट्टा होता. टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि त्यांखाली मैद्यासारखी भुकटी दिसली तर कीड आत्ता जिवंत आहे. भोकं आतून काळवंडलेली आणि भुकटी नसलेली असतील तर ती बहुधा जुनी. गाठींच्या जागा, कडा, सांधे यांवरून नख फिरवा; पुट्टी भरून लपवलेली भेग नखाला लागते.

वर पातळ सागाचा पापुद्रा चिकटवून आत दुसरंच काही भरलेलं असेल, तर ते फळीच्या टोकाला उघडं पडतं. वरच्या रेषा कडेवरून खाली उतरून टोकाच्या आडव्या छेदाला मिळाल्या पाहिजेत. कडेला वेगळी पट्टी चिकटवलेली असेल तर विचारा, ती का आहे. वजनावर तर अजिबात विसंबू नका. वाळलेला साग घनमीटरला साधारण साडेसहाशे किलो भरतो आणि भुसा दाबून केलेला एमडीएफ सातशेच्या वर. आम्ही ज्या 'जडपणा'वर भुललो, त्याने काहीच सिद्ध होत नव्हतं.

बोर्डाच्या सामानाला मी नावं ठेवत नाही. आजच्या घरांत कपाटं त्याचीच असणार, आणि चांगलं प्लायवूड टिकाऊ असतं. त्यावर आयएसआयची खूण आणि क्रमांक पाहा: साध्या वापरासाठी आयएस ३०३, पाण्याच्या जागी आयएस ७१०. या दुसऱ्या प्रकाराच्या चाचणीत तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात. खुणेखालचा परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर टाकला की खरा-खोटा कळतो. आपण रोज ओल्या फडक्याने फरशी पुसतो, म्हणून एमडीएफ किंवा भुशाच्या बोर्डाचं कपाट थेट जमिनीला टेकणारं नको. खालची कड पाणी पिते आणि पुरणपोळीसारखी फुगते. पाय असलेलं घ्या. दार उघडून आत तोंड घाला. उग्र वासाने डोळे चुरचुरले तर बोर्डाच्या गोंदात फॉर्माल्डिहाइड जास्त आहे, आणि घरात लहान मूल असेल तर ते नकोच.

आणखी एक गोष्ट काकांनी दाखवली, ती मला सगळ्यांत उपयोगी वाटते. साग घनफुटावर विकला जातो. पाच बाय तीनची एक इंच जाडीची फळी म्हणजे सव्वा घनफूट. अडीच इंची चौरस, अडीच फुटी चार पाय मिळून अर्ध्या घनफुटाच्या आत, आणि खालची चौकट जवळपास तेवढीच. बेरीज सव्वादोन घनफुटांच्या आतच, चिराईतली घट धरून पावणेतीन. पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये किंवा आपल्या गावच्या वखारीत त्या दिवसाचा सागाचा भाव विचारा आणि गुणा. नुसत्या लाकडाची रक्कम दुकानातल्या तयार टेबलाच्या किमतीपेक्षा जास्त निघाली, तर ते टेबल सागाचं नाही. आमचं नव्हतं. दोन पाय तेवढे सागाचे होते.

आम्ही भांडायला गेलो तेव्हा दुकानदाराने शांतपणे बिल वाचून दाखवलं: 'डायनिंग टेबल, १ नग.' त्यावर साग हा शब्दच नव्हता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यातच करता येते, दोन वर्षांपर्यंत करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, आणि सल्ल्यासाठी १९१५ हा हेल्पलाइन क्रमांक आहे. पण तिथे मांडायला कागद लागतो. तेव्हा लाकडाचं नाव, कुठला भाग अस्सल आणि कुठला बोर्डाचा, आणि हमी किती वर्षांची, हे बिलावर लिहून मागा. लिहायला तयार नसेल, तर ते सामान त्याच्याच दुकानात राहू द्या.