काळविटांच्या चराई-अधिवासातील वय व लिंगभेद : मराठवाड्यातील माळरानांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

एखाद्या प्राण्याच्या अधिवासाचा विचार करताना संपूर्ण जाती एकाच प्रकारच्या प्रदेशात राहते व एकाच प्रकारचे अन्न खाते, असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात अनेक सस्तन प्राण्यांमध्ये नर, मादी व अपत्ये यांची चराईची ठिकाणे भिन्न असतात. या भेदाचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे उत्तर पॅसिफिक महासागरातील हत्तीसील. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर नर व माद्या प्रजननासाठी एकत्र येतात; परंतु तेथून समुद्रात परतल्यावर त्यांचे मार्ग वेगळे होतात. बर्नी लबफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार नर हे खंडान्त उताराच्या कडेने अलास्का व अल्यूशियन बेटांच्या दिशेने जातात आणि प्रामुख्याने तळालगतचे भक्ष्य शोधतात, तर माद्या खुल्या महासागरात विखुरतात. नराचे वजन मादीच्या कित्येक पट असते. त्यामुळे त्याला अधिक अन्न देणारे, पण अधिक धोक्याचे क्षेत्र पत्करावे लागते.

मराठवाड्याला समुद्र नाही. मात्र याच तत्त्वाचा प्रत्यय देणारा एक प्राणी येथील माळरानांवर व शेतशिवारांत आढळतो. तो म्हणजे काळवीट (अँटिलोप सर्विकाप्रा). प्रस्तुत लेखात काळविटांमधील वय व लिंगानुसार होणाऱ्या अधिवास-विभाजनाचे स्वरूप, त्याची कारणे, अभ्यासाच्या पद्धती आणि गायरान व शेती यांच्या संदर्भातील त्याचे महत्त्व यांचे विवेचन करण्यात आले आहे.

काळविटांचे सामाजिक गट

काळवीट हा शब्द काटेकोरपणे पाहता प्रौढ नरालाच लागू पडतो. मादी व पाडस यांना ग्रामीण भागात सरसकट 'हरण' म्हटले जाते. म्हणजे लिंगभेदाची नोंद लोकभाषेने आधीच घेतलेली आहे. प्रौढ नराची पाठ गडद तपकिरी ते काळी असते, त्याला पिळदार शिंगे असतात व त्याचे वजन साधारणतः ३५ ते ४० किलोग्रॅम भरते. मादी पिवळसर तपकिरी रंगाची, बहुधा शिंगे नसलेली व वजनाने हलकी असते. तरुण नरांचा रंग प्रारंभी मादीसारखाच असतो आणि वयानुसार तो गडद होत जातो.

माळरानावर काळविटांचे प्रामुख्याने चार गट दिसतात : (१) माद्या व पाडसे यांचे कळप, (२) हद्द न मिळालेल्या तरुण व प्रौढ नरांचे कळप, (३) स्वतःची हद्द राखणारे एकटे प्रौढ नर आणि (४) नर-मादींचे मिश्र कळप. या प्रत्येक गटाची गरज वेगळी असल्यामुळे त्यांचा जमिनीचा वापरही वेगळा ठरतो.

भेदाची कारणे

अधिवास-विभाजनाच्या स्पष्टीकरणासाठी पर्यावरणशास्त्रात मुख्यतः तीन गृहीतके मांडली जातात.

पहिले गृहीतक शरीराच्या आकारमानाशी निगडित आहे. रिचर्ड बेल (१९७१) व पीटर जार्मन (१९७४) यांनी आफ्रिकेतील तृणभक्षकांच्या अभ्यासातून असे दाखवले, की मोठ्या शरीराच्या प्राण्याला दर किलोग्रॅम वजनामागे कमी ऊर्जा लागते. तसेच त्याच्या मोठ्या जठरात चारा अधिक काळ राहून पचतो. म्हणून तो जाडाभरडा व तंतुमय चाराही खाऊ शकतो. लहान शरीराच्या प्राण्याला मात्र कोवळा व सकस चारा निवडून खावा लागतो. काळविटांमध्ये नर-मादींच्या वजनातील फरक हत्तीसीलांइतका प्रचंड नाही. त्यामुळे केवळ या एका कारणाने भेदाचे संपूर्ण स्पष्टीकरण होत नाही.

दुसरे गृहीतक भक्षकांपासूनच्या धोक्याचे आहे. काळवीट हा उघड्या माळावरचा प्राणी आहे. दूरवरची दृष्टी व वेग हीच त्याची संरक्षणाची साधने आहेत. आखूड गवतावर लांडगा लवकर दिसतो, म्हणून प्रौढ प्राणी अशा जागी चरणे पसंत करतात. परंतु नवजात पाडसाला प्रौढांइतक्या वेगाने धावता येत नाही. जन्मानंतरचे काही दिवस मादी त्याला उंच गवतात दडवून ठेवते व दूध पाजण्यापुरती त्याच्याजवळ येते. या काळात मादीला एकाच परिसरात दोन भिन्न गोष्टी हव्या असतात : पाडसासाठी दाट आडोसा आणि स्वतःसाठी सकस चारा व पाणी. दूध पाजणाऱ्या मादीची ऊर्जेची गरज बरीच वाढलेली असल्याने हा चारा दूर असून चालत नाही. लांडग्याखेरीज कोल्हे व मोकाट कुत्री यांचाही पाडसांना धोका असतो.

तिसरे गृहीतक प्रजननविषयक आहे. हद्द राखणारा नर चाऱ्याच्या शोधात मुक्तपणे फिरू शकत नाही. तो आपली जागा लेंड्यांच्या ढिगांनी व गंधग्रंथींच्या स्रावाने चिन्हांकित करतो आणि प्रतिस्पर्ध्यांना हुसकावतो. माद्या येण्याची शक्यता जेथे अधिक, ती जागा तो निवडतो. तेथील गवत उत्तम असेलच असे नाही. कविता ईश्वरन यांच्या संशोधनातून (२००५) असे दिसून आले, की नरांच्या हद्दी एकत्र दाटण्याचा संबंध माद्यांच्या कळपांच्या आकाराशी आहे. हद्द न मिळालेल्या नरांना या जागांवरून वारंवार हुसकावले जाते व त्यांचे कळप उरलेल्या क्षेत्रात चरतात. मराठवाड्यासारख्या शेतीप्रधान प्रदेशात असे उरलेले क्षेत्र म्हणजे बहुधा पडीक जमीन, बांध व पिकांच्या कडा होय.

ऋतुमान व आहार

काळवीट मुख्यतः गवत खाणारा प्राणी आहे. पावसाळ्यात कोवळे गवत सर्वत्र उपलब्ध असल्याने गटांमधील फरक कमी ठळक असतो. हिवाळ्याच्या अखेरीस कुसळीसारखी गवते निबर होतात, त्यांचे पोषणमूल्य घटते व चाऱ्यासाठीची स्पर्धा तीव्र होते. उन्हाळ्यात शेंगा व झुडपांचा पाला यांवरील अवलंबन वाढते. या काळात पाणवठ्याजवळील हिरवा पट्टा ज्या गटाच्या वाट्याला येईल, त्याची प्रकृती टिकते.

चराईतील लिंगभेदाचा परिणाम खुद्द माळरानावरही होतो. गुजरातमधील वेळावदर राष्ट्रीय उद्यानात शिवानी जडेजा व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात (२०१३) असे आढळले, की वेड्या बाभळीच्या शेंगा खाऊन काळवीट तिचे बी पसरवतात आणि नरांच्या हद्दींतील लेंड्यांच्या ढिगांवर हे बी मोठ्या प्रमाणात जमा होऊन तेथे रोपे अधिक रुजतात. म्हणजेच काळविटांना ज्या उघड्या जागेची सर्वाधिक आवश्यकता असते, तीच जागा त्यांच्या वर्तनामुळे झुडपांनी व्यापली जाण्याचा धोका निर्माण होतो.

अभ्यासाच्या पद्धती

हत्तीसीलांच्या अभ्यासात उपग्रह-संवेदकांचा वापर होतो. महाविद्यालयीन पातळीवर काळविटांसाठी अधिक साध्या पद्धती पुरेशा आहेत. ठरावीक मार्गाने ठरावीक वेळी फिरून प्रत्येक कळपातील नर, मादी व पाडसे यांची संख्या, गवताची उंची, पिकाचा प्रकार आणि पाणवठ्यापासूनचे अंतर यांची वर्षभर नोंद करता येते. मात्र काही दक्षता आवश्यक ठरते. तरुण नर रंगावरून मादी समजला जाण्याची शक्यता असते. म्हणून शिंगांची नोंद अनिवार्य आहे. उंच गवतातील पाडसे दिसत नाहीत, त्यामुळे 'दिसली नाहीत' याचा अर्थ 'नव्हती' असा काढता येत नाही.

आहाराच्या निश्चितीसाठी लेंड्यांतील वनस्पती-पेशींचे सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण करता येते. कार्बनच्या समस्थानिकांची पद्धतही उपयुक्त आहे. ज्वारी व माळावरील बहुतेक गवते एका प्रकाशसंश्लेषण गटात मोडतात, तर सोयाबीन, तूर व हरभरा दुसऱ्या गटात. या दोन्ही गटांतील कार्बनच्या समस्थानिकांचे प्रमाण भिन्न असते. त्यामुळे प्राण्याच्या आहारात दुसऱ्या गटातील वनस्पतींचा वाटा किती, याचा अंदाज बांधता येतो. तथापि ज्वारी व गवत यांतील फरक किंवा सोयाबीन व रानझुडूप यांतील फरक या पद्धतीने कळत नाही. म्हणून दोन्ही पद्धतींचा एकत्रित वापर करणे इष्ट ठरते.

गायरान, शेती व संरक्षण

रेणापूर तालुका व त्याच्या भोवतीचा बालाघाटच्या पठाराचा प्रदेश प्रामुख्याने कोरडवाहू शेतीचा आहे. लातूर जिल्ह्यात गेल्या काही दशकांत ज्वारीची जागा मोठ्या प्रमाणात सोयाबीनने घेतली. गायराने व पडीक माळ यांवर अतिक्रमण, वृक्षलागवड व बांधकाम यांचा ताण वाढला. परिणामी काळविटांचे कळप उगवत्या पिकांत उतरतात व शेतकऱ्याचे नुकसान होते. दुबार पेरणीचा खर्च न झेपणाऱ्या अल्पभूधारकासाठी ही गोष्ट किरकोळ नसते. दुसरीकडे काळवीट हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतील प्राणी असल्याने त्याला पूर्ण कायदेशीर संरक्षण आहे.

या प्रश्नाचा विचार करताना वय-लिंगभेद ध्यानात घेणे आवश्यक ठरते. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्य १९८० मध्ये काळविटांसाठी घोषित झाले. त्याचे क्षेत्र केवळ २.१७ चौरस किलोमीटर आहे. इतक्या लहान क्षेत्रात सर्व गटांच्या गरजा भागणे कठीण असते आणि काही प्राण्यांनी भोवतालच्या शिवारात जाणे स्वाभाविक ठरते. पिकांत उतरणारे कळप माद्या-पाडसांचे आहेत की हद्द न मिळालेल्या नरांचे, हे कळल्याशिवाय उपाययोजना नेमकी होऊ शकत नाही. माद्यांचे कळप येत असतील, तर जवळच्या गायरानात सकस चारा व पाण्याची उणीव असल्याचा तो संकेत मानता येईल. नरांचे कळप येत असतील, तर उघड्या माळाचे एकूण क्षेत्र आकुंचन पावले असण्याची शक्यता तपासावी लागेल.

गायरानावर सरसकट झाडे लावणे हा हरितीकरणाचा सोपा मार्ग वाटतो. परंतु त्यामुळे नरांच्या उघड्या हद्दी नष्ट होतात व भक्षक दुरून दिसत नाही. याउलट संपूर्ण माळावर गुरांची अनिर्बंध चराई झाल्यास पाडसांसाठी आवश्यक उंच गवत उरत नाही. म्हणून गायरानाचा काही भाग आळीपाळीने चराईमुक्त ठेवणे, वेड्या बाभळीची वाढ रोखणे आणि पाणवठे टिकवणे हा अधिक समतोल मार्ग ठरतो. चाऱ्याची ही व्यवस्था गावातील गुरांनाही उपकारक आहे.

समारोप

काळविटांचा अधिवास हा एकजिनसी नसून तो वय, लिंग व ऋतू यांनुसार विभागलेला आहे. शरीराचे आकारमान, पाडसांची सुरक्षितता आणि प्रजननाची स्पर्धा ही तीनही कारणे येथे एकत्रितपणे कार्य करतात. त्यामुळे केवळ एकूण संख्या मोजणारी प्रगणना अपुरी ठरते. मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र व भूगोल विभागांनी आपापल्या परिसरातील माळरानांवर अशा वर्गवार नोंदी सातत्याने ठेवल्यास वन विभाग, ग्रामपंचायत आणि शेतकरी या तिघांनाही निर्णयासाठी विश्वसनीय आधार उपलब्ध होऊ शकेल. माळरान म्हणजे पडीक जमीन ही समजूत दूर होण्याच्या दृष्टीनेही अशा अभ्यासाचे मोल मोठे आहे.