उंदीर पडला, पिसू उठली!

लांबी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. पंख नाहीत. अंग दोन्ही बाजूंनी चेपलेलं, म्हणून दाट केसांतून सुळकन निसटते आणि चिमटीत म्हणून सापडत नाही. उडी मात्र फूटभर! एवढं बळ नुसत्या स्नायूंचं नव्हे. पिसूच्या अंगात रेझिलिन नावाचं लवचीक प्रथिन असतं. स्नायू ते आधी दाबून धरतात आणि मग साठलेली सगळी ताकद सेकंदाच्या जवळपास हजाराव्या भागात सुटते.

प्लेग पसरवते ती हीच. पण प्लेग हा मुळात माणसाचा रोगच नाही, तो रानातल्या बिळांचा. मंगोलियातले मार्मोट, कझाकस्तानातले जर्बिल, अमेरिकेतले प्रेअरी डॉग या बिळांत राहणाऱ्या उंदीरवर्गीय प्राण्यांत तो पिसवांमार्फत फिरत असतो; माणूस मध्येच सापडतो. हिमाचलमधल्या हाटकोटीजवळ 2002 साली एका शिकाऱ्याने रानमांजराचं कातडं सोललं. त्यातून सुरू झालेल्या साथीत 16 जणांना फुफ्फुसाचा प्लेग झाला आणि चौघे दगावले.

आता पिसूच्या पोटात डोकावू. प्लेगचे जंतू तिच्या जठराच्या तोंडाशी साचतात आणि तिथे बूच बसतं. ओढलेलं रक्त खाली उतरतच नाही. भुकेने वखवखलेली पिसू मग चावत सुटते आणि अडलेलं रक्त जंतूंसकट चाव्याच्या जखमेत ओकते. शेवटी तीही उपाशी मरते.

प्लेग पसरतो कसा, हे कोडं उलगडायला सुरुवात झाली ती जुन्या मुंबई इलाख्यातच. 1896 मध्ये मुंबईतल्या मांडवीत प्लेग ओळखला तो मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. दोनच वर्षांनी कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने पिसवा असलेला आजारी उंदीर मोठ्या काचपात्रात ठेवला आणि वर जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर टांगला. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही, तरी वरचा उंदीर प्लेगने मेला. मधलं अंतर ओलांडलं ते पिसवांनी! सिमाँचं म्हणणं मात्र वर्षानुवर्षं कोणी मनावर घेतलं नाही. पुढे मुंबईत ग्लेन लिस्टन यांनी प्लेगच्या घरांत गिनीपिग सोडले. त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा चढल्या आणि सिमाँचं बोलणं खरं ठरत गेलं.

आपल्या खेड्यांतल्या माणसांना प्रयोगशाळेशिवायच निम्मं कळलं होतं. घरात उंदीर मरून पडला की बोचकी बांधायची आणि माळावर झोपड्या टाकायच्या. अचूक निर्णय! मेलेला उंदीर गार पडला की पिसवा त्याला सोडतात आणि ऊबदार रक्त शोधू लागतात. जवळ असतो तो माणूसच.

पिसू नुसता प्लेगच देते असंही नाही. एका प्रकारचा टायफस ताप तिच्या विष्ठेतून येतो. चावल्यावर आपण खाजवतो आणि विष्ठा स्वतःच्याच हाताने जखमेत चोळतो.

पुन्हा प्लेगकडे येऊ. अमेरिकेत प्रेअरी डॉगसाठी शेंगदाण्याच्या लोण्याची चव दिलेल्या प्लेगच्या लसीच्या गोळ्या माळरानावर टाकून पाहिल्या. का? तर त्यांच्यावर जगणारं काळ्या पायांचं दुर्मीळ फेरेट वाचावं म्हणून. रोग रानातच थोपवण्याची ही कल्पना मला फार आवडते.

प्लेगवर आज प्रतिजैविकं आहेत, वेळेवर दिली तर रोगी बरा होतो. पण मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नका. आणि भराभर उंदीर मरू लागले तर लगेच पालिकेला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. अशा वेळी आधी पिसवांवर कीटकनाशक मारायचं, उंदरांचा बंदोबस्त त्यानंतर. क्रम उलटा झाला, तर बेघर झालेल्या पिसवा थेट तुमच्या अंथरुणात येतील.