वेफर्स खपतात, म्हणून शेअर घ्यावा?

पेप्सिकोच्या शेअरबद्दलचा पहिला गैरसमज नावातूनच सुरू होतो. पेप्सिको म्हणजे कोला, असं आपण धरून चालतो. पण १९६५ मध्ये पेप्सी-कोला आणि फ्रिटो-ले एकत्र येऊन ही कंपनी झाली, आणि आज तिची निम्म्याहून अधिक विक्री खाद्यपदार्थांची आहे. लेज, डोरिटोज, क्वेकर ओट्स, आपल्याकडचं कुरकुरे. शेअर जोखताना बाटलीपेक्षा पाकिटाकडे जास्त बघायचं.

‘वरुण बेव्हरेजेस घेतला म्हणजे पेप्सीच घेतली,’ हेही खरं नाही. वरुण ही २०१६ पासून आपल्या शेअर बाजारात असलेली वेगळी भारतीय कंपनी. पेप्सिकोच्या परवान्यावर ती पेयं तयार करून विकते. तिची भिस्त उन्हाळ्यावर. २०२५ च्या एप्रिल-जूनमध्ये अवकाळी पाऊस आला आणि तिचा भारतातला खप सुमारे ७ टक्क्यांनी घटला. मूळ पेप्सिकोचे व्यवहार अमेरिकेत नॅसडॅकवर होतात. तो शेअर घेणाऱ्या भारतीयाचा लाभांश तिथे २५ टक्के कर कापूनच हाती पडतो.

विक्री वाढली म्हणजे खप वाढला, असंही अनेक जण मानतात. २०२३ मध्ये चलनातले चढउतार आणि कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचे व्यवहार वगळून पेप्सिकोची विक्री ९.५ टक्क्यांनी वाढली. ही वाढ भाववाढीची होती. खाद्यपदार्थांचा माल उलट कमी खपला. गिऱ्हाईक किती भाव सोसेल यालाही मर्यादा असतेच. २०२४ मध्ये हीच वाढ २ टक्क्यांवर आली.

सगळ्यात घट्ट बसलेला समज मात्र लाभांशाचा. पन्नास वर्षांहून अधिक काळ कंपनीने तो दरवर्षी वाढवला आहे. ही साधी गोष्ट नव्हे, मला तिचं मोल वाटतं. पण हा पैसा येतो कुठून, हे बघायलाच हवं. २०२४ चा रोख प्रवाहाचा तक्ता उघडा. धंद्यातून आलेली रोख सुमारे १२.५ अब्ज डॉलर. त्यातले कारखाने, यंत्रं वगैरेंवर गेले ५.३ अब्ज. उरले ७.२ अब्ज. आणि त्या वर्षी वाटलेला लाभांश? तोही ७.२ अब्जच. म्हणजे हाती जवळपास काहीच राहिलं नाही. पुढच्याच वर्षी पॉपी हा सोड्याचा ब्रँड १.९५ अब्जांना घेतला. शिल्लक नसताना अशी खरेदी करायची, तर कर्ज काढावं लागतं, साठवलेली रोख वापरावी लागते किंवा हातातलं काही विकावं लागतं. लाभांशाचा जुना विक्रम या हिशेबाबद्दल काहीच सांगत नाही.

पेप्सिको बुडीत निघणारी कंपनी नाही. पण खप वाढत नाही तोवर वेगाने वाढणाऱ्या कंपनीचा भाव तिला देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शेअर घेण्याआधी वार्षिक अहवालातली दोन पानं तरी जरूर वाचा: खपाचं आणि रोख प्रवाहाचं.