जुना कॉम्प्युटर विकण्याआधी

संस्थेचा जुना कॉम्प्युटर विकताना आपण फाइली डिलीट करतो आणि निर्धास्त होतो. पण डिलीट केल्याने फक्त फाइलचा पत्ता पुसला जातो. मजकूर हार्ड डिस्कवर तसाच राहतो, रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत काढता येतो. आणि आपल्या डिस्कवर असतं काय? शिष्यवृत्तीचे अर्ज, जातीचे दाखले, अ‍ॅट्रॉसिटीच्या केसमधल्या साक्षीदारांची नावं, फोन नंबर. ते गावात नको त्या हाती पडलं तर काय होतं, हे कार्यकर्त्यांना सांगायला नको.

यासाठी कॉम्प्युटरशिवाय चालणारं ड्युप्लिकेटर यंत्र मिळतं. घेताना इरेजची सोय आहे ना, हे पाहावं. एका खाचेत जुनी डिस्क, दुसरीत तेवढ्याच किंवा जास्त क्षमतेची नवी. बटण दाबलं की हुबेहूब नक्कल. खाचा उलट झाल्या तर मात्र कोरी डिस्क मूळ डिस्कवर उतरते आणि सगळं जातं. म्हणून आम्ही म्हणतो, आधी डिस्कवर चिठ्ठ्या चिकटवा. नक्कल उघडून तपासली की मगच मूळ डिस्क इरेज करायची. सेकंदाला १५० एमबी वेग धरला तर १ टीबीला साधारण दोन तास. आजच्या हार्ड डिस्कला एक फेरी पुरते. एसएसडीला नुसतं वरून लिहिणं पुरत नाही. तिथे ‘सिक्युअर इरेज’ची आज्ञा देणारं यंत्र हवं.

प्रत्येक शाखेने ते विकत घ्यायची गरज नाही, तालुक्याला एक बास.